जखम सोडून तलवारीला मलम

१६३१ सालची गोष्ट. लंडनमध्ये डॉक्टर रॉबर्ट फ्लडच्या दारावर एका रात्री कोणीतरी छापील कागद ठोकून गेले. कागद होते एका नव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे. पुस्तकाचे नाव ‘हॉप्लोक्रिस्मा-स्पाँगस’; शस्त्राला लावायचे मलम पुसून काढणारा स्पंज, असा त्याचा भाव. लेखक होता बकिंगहॅमशरमधल्या हेजर्ली गावचा पाद्री विल्यम फॉस्टर. ज्या मलमाची फ्लड भलामण करतो ते सैतानाचे कारस्थान आहे, ते वापरणारा माणूस कळत-नकळत सैतानाशी करार करतो आणि त्याचे समर्थन करणारा डॉक्टर जादूगारांच्या पंगतीत बसतो, असा फॉस्टरचा आरोप होता.

या आरोपाचे वजन आज आपल्याला चटकन जाणवत नाही. त्या वेळी इंग्लंडमध्ये १६०४ चा चेटूकविरोधी कायदा लागू होता. दुष्ट आत्म्यांशी करार करणे, त्यांना बोलावणे, त्यांचा सल्ला घेणे या गुन्ह्यांना त्यात मृत्यूची शिक्षा होती. फ्लड लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा सभासद होता, सरदार घराण्यातला होता, विल्यम हार्वेचा स्नेही होता. हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धांत १६२८ मध्ये मांडला, तेव्हा छापील शब्दात त्याची बाजू घेणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांत फ्लड होता. त्याला कोणी फासावर चढवणार नव्हते. तरीही दारावर ठोकलेला ‘जादूगार’ हा शिक्का सकाळी उठून सारा रस्ता वाचणार होता, आणि फॉस्टरला तेच हवे होते.

वादाचे कारण असलेले हे मलम मोठे विलक्षण होते. एखाद्याला तलवारीची जखम झाली, की मलम जखमेला न लावता तलवारीला लावायचे. जखम फक्त धुऊन स्वच्छ कापडाने बांधायची आणि तशीच ठेवायची. तलवारीला मलम फासून तीही कापडात गुंडाळून ठेवायची, तिला धूळ लागू द्यायची नाही, गारठ्यात उघडी टाकायची नाही. जखमी माणूस कोसभर दूर असला तरी चालेल. या मलमाची कृती पॅरासेल्सस या गाजलेल्या वैद्याच्या नावावर छापलेल्या एका ग्रंथात होती. तो ग्रंथ बहुधा त्याचा नव्हे. पॅरासेल्सस १५४१ मध्ये वारला आणि त्यानंतर कितीतरी जणांनी आपली पुस्तके त्याच्या नावावर खपवली. कृतीत काय काय होते? उघड्यावर पडलेल्या माणसाच्या कवटीवर उगवलेले शेवाळ, माणसाची चरबी, माणसाचे रक्त, ममीची पूड, जवसाचे तेल, गुलाबाचे तेल आणि आर्मेनियातली तांबडी माती. इटलीच्या जाम्बातिस्ता देल्ला पोर्ताने ही कृती आपल्या ‘नैसर्गिक जादू’वरच्या लोकप्रिय ग्रंथात घेतली आणि ती युरोपभर पोचली.

याला भोळसट लोकांची समजूत म्हणून बाजूला सारले, तर तो काळच आपल्याला कळणार नाही. मलम वापरणाऱ्यांत उमराव होते, सैन्यातले कप्तान होते, विद्यापीठातले प्राध्यापक होते. मुख्य म्हणजे जखमा खरोखर बऱ्या होत होत्या. वादाला उतरलेल्या बहुतेकांनी एवढे मान्यच केले होते. त्यांचे भांडण होते ते या बऱ्या होण्यामागे कोण आहे यावर: देव, निसर्ग की सैतान.

पहिली ठिणगी जर्मनीत पडली. मारबुर्गचा प्राध्यापक रुडॉल्फ गोक्लेनियस याने १६०८ मध्ये पुस्तक लिहून हा उपचार ‘चुंबकीय’ म्हणजे नैसर्गिक असल्याचे सांगितले. लोहचुंबक स्पर्शावाचून लोखंड ओढतो हे सर्वांना दिसते, मग सांडलेले रक्त आणि शरीरातले रक्त यांच्यात अशीच ओढ का नसावी, असा त्याचा प्रश्न होता. त्याला जां रोबेर्ती या जेझुइट पाद्र्याने १६१५ मध्ये उत्तर दिले. गोक्लेनियसचे प्रत्युत्तर आले, रोबेर्तीचे त्याहून कडवट पुस्तक आले, आणि हे सत्र काही वर्षे चालले. एक कॅल्व्हिनपंथी म्हणजे प्रॉटेस्टंट प्राध्यापक, दुसरा कॅथलिक जेझुइट. त्यामुळे मलमाच्या डबीत धर्मयुद्धाचा दारूगोळाही मिसळला गेला.

रोबेर्तीचा युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे, कारण पुढे सगळ्या विरोधकांनी तोच वापरला. कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूवर परिणाम करते ती स्पर्शाने, किंवा फार तर आपल्या ठराविक कक्षेत. विस्तव जवळच्याला शेकतो, मैलभर दूर असलेल्याला शेकत नाही. हे मलम मात्र कितीही अंतरावरून काम करते म्हणतात, म्हणजे त्याचा गुण नैसर्गिक नाही. देवाने असा काही चमत्कार नेमून दिल्याचे शास्त्रात कुठे लिहिलेले नाही, म्हणजे तो दैवीही नाही. मग उरतो कोण? एकेक दार बंद करत ऐकणाऱ्याला शेवटच्या दाराशी आणून उभे करायचे, हा वक्तृत्वाचा जुना डाव. शाळेपासून सिसेरो आणि क्विंटिलियन हे रोमन वक्तृत्वगुरू घोकलेल्या या पिढीच्या तो हाडीमाशी खिळलेला होता. त्याचे बळ एका गृहीतावर उभे असते: निसर्गाची सगळी दारे आपल्याला ठाऊक आहेत. ते गृहीत बोलून दाखवायचे नसते, आणि रोबेर्तीनेही ते कुठे बोलून दाखवले नाही.

या बिनबोलल्या गृहीतावर बोट ठेवले ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्टा फान हेल्मोंटने. हा कॅथलिक होता, वैद्यकीची पदवी घेऊनही विद्यापीठाच्या वैद्यकीवर रुसलेला होता आणि आपल्या घरच्या प्रयोगशाळेत रमलेला होता. ‘गॅस’ हा शब्द जगाला त्याने दिला. १६२१ मध्ये पॅरिसला त्याचे चुंबकीय उपचारावरचे पुस्तक छापले गेले. आपल्या संमतीवाचून ते छापल्याचे तो पुढे सांगत राहिला. त्यात त्याने दोन्ही पक्षांना फटकारले. गोक्लेनियसला मलम नीटसे कळलेलेच नाही आणि रोबेर्तीला निसर्ग कळत नाही, असा त्याचा सूर होता. जे आपल्याला समजत नाही ते सैतानाच्या पदरात टाकणे म्हणजे देवाची निर्मिती सैतानाला बहाल करणे, हे त्याने ठणकावून सांगितले. माझ्या मते या सबंध वादातले सर्वांत धारदार वाक्य हेच. आपल्याला भक्त म्हणवणारे लोक भीतीपोटी सैतानाचे राज्य वाढवत आहेत, हे एक श्रद्धावान माणूस त्यांना तोंडावर सांगत होता.

तो एवढ्यावर थांबला असता तर कदाचित निभावले असते. पण त्याने संतांच्या अवशेषांचा विषय काढला. अवशेषाला स्पर्श केलेल्या वस्तूने रोग बरे होतात, ते देव याच नैसर्गिक ओढीचा उपयोग करून घेतो म्हणून, असे त्याने सुचवले. आर्देनच्या जंगलातल्या संत ह्यूबर्टच्या देवस्थानात पिसाळलेले कुत्रे चावलेल्यांवर संताच्या उपरण्याचा धागा वापरून उपचार होत. हेल्मोंटने नेमके तेच उदाहरण दिले. रोबेर्तीचा जन्म त्याच गावचा, आणि त्या संताचे चरित्रही त्याने लिहिले होते. बाण वर्मी लागला आणि वाद चर्चच्या अंगणात शिरला. लूव्हाँ विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने हेल्मोंटच्या पुस्तकाचा निषेध केला. १६२५ मध्ये स्पॅनिश इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाने, त्यातली २७ विधाने पाखंडी ठरवली. १६३४ मध्ये त्याला अटक झाली, कागदपत्रे जप्त झाली, मग घरकैद. प्रकरण रेंगाळत राहिले. १६४४ च्या डिसेंबरात तो वारला आणि त्याच्या नावावरचा डाग चर्चने अधिकृतपणे पुसला तो १६४६ मध्ये, त्याच्या विधवेच्या हयातीत. ‘नैसर्गिक’ आणि ‘सैतानी’ या दोन विशेषणांतून कोणते निवडले जाते, यावर एका माणसाची दहा-वीस वर्षे गेली.

याच पुस्तकात हेल्मोंटने नाकाची एक गोष्ट सांगितली आहे. ब्रुसेल्सच्या एका माणसाचे नाक मारामारीत गेले. बोलोन्याचा प्रख्यात शल्यविशारद तालियाकोत्सी याने एका हमालाच्या दंडाच्या मांसातून त्याला नवे नाक करून दिले. माणूस घरी परतला. तेराएक महिन्यांनी ते नाक अचानक थंड पडले आणि सडून गळाले. चौकशी केल्यावर कळले की त्याच घटकेला तिकडे बोलोन्यात तो हमाल मेला होता. गोष्ट इतकी देखणी की फ्लडनेही तिचा उपयोग केला, आणि पुढे इतरांनीही. वस्तुतः तालियाकोत्सीने १५९७ च्या आपल्या ग्रंथात रोग्याच्या स्वतःच्याच दंडाची त्वचा वापरायची पद्धत सचित्र दिली होती. ग्रंथ उघडून पाहिला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. या विषयाचा एक धागा आपल्याकडेही येतो. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठी बैलहाक्याचे नाक पुण्याजवळ विटा-मडकी करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या त्वचेतून घडवले, त्याची सचित्र हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातल्या शल्यविशारदांनी त्या पद्धतीचा अभ्यास केला. त्याही नाकाला दुसऱ्या कोणाच्या मांसाची गरज पडली नव्हती.

हेल्मोंटच्या पुस्तकानंतर दहा वर्षांनी फॉस्टरने स्पंज हाती घेतला, तेव्हा त्याची बरीचशी शिदोरी रोबेर्तीची होती. प्रॉटेस्टंट पाद्री जेझुइटाच्या युक्तिवादावर उभा राहून प्रॉटेस्टंट डॉक्टरावर तुटून पडत होता. फॉस्टरने आणखी एक खोच मारली. फ्लडची पुस्तके इंग्लंडात न छापता परदेशी का छापली जातात? इथल्या विद्यापीठांनी आणि बिशपांनी त्या जादूला परवानगी दिली नसती म्हणून! फ्रान्समध्ये मारँ मेर्सेन या विद्वान साधूने १६२३ मध्येच फ्लडला दुष्ट जादूगार म्हटले होते, त्याचाही फॉस्टरने हवाला दिला.

फ्लडचे उत्तर त्याच वर्षी आले: ‘पाद्री फॉस्टरचा स्पंज पिळून काढणे’ या नावाचे. फ्लड एरवी जाडजूड लॅटिन ग्रंथ लिहिणारा. विश्व आणि मानव यांच्यातले सूर जुळवून दाखवणारी त्याची ताम्रपटचित्रे आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरशी त्याचा जो वाद झाला तोही लॅटिनमध्ये, पंडितांपुरता. या वेळी मात्र तो इंग्रजीत उतरला, कारण फॉस्टरने त्याला रस्त्यावर खेचले होते. परदेशी छपाईच्या आरोपाला त्याने रोकडा हिशेब मांडला. इथले मुद्रक पहिल्या खंडासाठी आणि त्यातल्या ताम्रपटांसाठी माझ्याकडे ५०० पौंड मागत होते. पलीकडच्या मुद्रकाने माझा एक पैसाही न घेता ते छापले, वर १६ प्रती आणि ४० पौंडांचे सोने भेट म्हणून पाठवले. सैतानाच्या आरोपाला दिलेले हे वहीखात्याचे उत्तर मला फार आवडते. अख्ख्या वादात तपासून पाहता येतील असे आकडे इथेच भेटतात.

मूळ मुद्द्यावर फ्लडने विल्यम गिल्बर्टला साक्षीला बोलावले. गिल्बर्टचा चुंबकावरचा ग्रंथ १६०० मध्ये निघाला होता आणि प्रयोगांनी भरलेला असल्यामुळे त्याला मोठी प्रतिष्ठा होती. गिल्बर्टच्या मते पृथ्वी हाच एक विशाल चुंबक आहे. मग होकायंत्राची सुई समुद्रात कुठेही उत्तरेकडे वळते, तिथे फॉस्टरची कक्षा कुठे गेली? सूर्य इतक्या दुरून पृथ्वीला ऊब देतो, ती कोणत्या स्पर्शाने? तलवारीवरच्या रक्तात प्राणाचा अंश उरलेला असतो, मलमातली कवटी, चरबी, रक्त त्याच जातीची, म्हणून सम समाला ओढते आणि हवेत भरलेला विश्वप्राण त्यांना जोडतो, असे त्याने मांडले. यातले चुंबकाचे प्रयोग गिल्बर्टचे होते, विश्वप्राण फ्लडचा. वाचणाऱ्याला हा सांधा दिसू नये अशा बेताने फ्लडने दोन्ही एका ओळीत गुंफले. फॉस्टरने दारे बंद करण्याचा डाव टाकला होता. फ्लडचा डाव दृष्टांताचा होता. चुंबक असे करतो, म्हणून मलमही असे करत असणार. दृष्टांताने गोष्ट समजते हे खरेच, पण ती सिद्ध होत नाही, आणि फ्लडला ती सिद्ध झाल्यासारखी भासवायची होती.

फ्लडने साक्षीदारांची नावेही मोजली. अमक्या सरदाराने मलम वापरले, तमक्या उमरावीण बाईंच्या घरी नोकर बरा झाला. साक्षीदार जितका थोर कुळातला तितकी गोष्ट खरी. त्या काळात न्यायालयातही हीच पद्धत होती, त्यामुळे त्याला फार दोष देता येत नाही. तरी वाचताना मन चडफडते. जखम धुतली होती का, किती खोल होती, मलम न लावता अशा किती जखमा बऱ्या होतात, हे विचारायला फ्लड किंवा फॉस्टर कोणालाही सवड झाली नाही.

हे प्रश्न त्या आधीच कोणीतरी विचारू लागले होते. इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकन १६२६ मध्ये वारला आणि लगेच त्याचा ‘सिल्व्हा सिल्व्हारम’ हा प्रयोगांचा संग्रह निघाला. त्याच्या शेवटच्या भागात या मलमाची नोंद आहे. विश्वासू माणसे सांगतात, तरी माझी अजून पुरती खात्री पटत नाही, असे बेकन सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मग एकेक बाब तपासतो. मलमात समागमाच्या वेळी मारलेल्या रानडुकराची आणि अस्वलाची चरबी लागते म्हणतात. ही अट पळवाटेसाठी घातलेली असावी, म्हणजे गुण आला नाही तर जनावर योग्य घटकेला मारले नव्हते असे म्हणता येते. तलवार मिळाली नाही तर तिच्यासारखे लोखंड किंवा लाकूड जखमेत घालून त्याला मलम लावतात; ही सोय हा उपचार चालू राहावा म्हणून काढलेली दिसते, कारण शस्त्र पुष्कळदा हाती लागतच नाही. आणि जखम आधी पांढऱ्या दारूने किंवा रोग्याच्याच मूत्राने धुतात, स्वच्छ तागाच्या कापडाने घट्ट बांधतात, आणि बरी होईपर्यंत पट्टी पुन्हा सोडत नाहीत. बेकनने ही नोंद इतर बाबींच्या रांगेतच ठेवली आहे, पण गोम तिथेच होती.

त्या वेळच्या शल्यविशारदांचे उपचार आठवले की हे पटते. जखमेत चरबीचे, राळेचे मलम भरत, ती रोज उघडून टोकरत, पू वाहणे हे बरे होण्याचे लक्षण मानत. बंदुकीच्या जखमेत तर उकळते तेल ओतत. १५३७ मध्ये तुरीनच्या वेढ्यात अँब्रॉइझ पारे या तरुण फ्रेंच शल्यविशारदाजवळचे तेल संपले आणि त्याला उरलेल्या सैनिकांना अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचा साधा लेप लावावा लागला. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी पाहतो तर तेल ओतलेले तापाने फणफणलेले, लेप लावलेले शांत झोपलेले. कोणी ठरवून केलेली तुलना नव्हती ती, तरी पारेने तिचा अर्थ ओळखला आणि पुढे छापून सांगितला. तलवारीला मलम लावणाऱ्यांनी नकळत याच्याही पुढची पायरी गाठली होती: जखमेला काहीच लावायचे नाही. ज्या रोग्यांना शेवाळ आणि कवटीने वाचवले अशी समजूत होती, त्यांना खरे तर वैद्याच्या हातापासून मिळालेल्या सुट्टीने वाचवले. जर्मनीतल्या डॅनियल सेनेर्टसारख्या वैद्यांनी धुतलेल्या जखमेचा आणि शरीराच्या स्वतःच्या शक्तीचा मुद्दा त्याच काळात मांडला होता, पण सैतान आणि विश्वप्राण यांच्या गदारोळात तो मुद्दा फारच साधा ठरला.

शतकाच्या मध्यावर भाषा पालटली. १६५० मध्ये डॉक्टर वॉल्टर चार्लटनने हेल्मोंटचे ते पुस्तक इंग्रजीत आणले आणि प्रस्तावनेत त्याची भरभरून तरफदारी केली. अवघ्या चार वर्षांत, १६५४ च्या आपल्या अणुवादी ग्रंथात, त्याने आपले मत फिरवले. बरे होण्याचे श्रेय शरीराला दिले आणि मलमाला कहाण्यांच्या यादीत टाकले. मधल्या काळात तो फ्रेंच विचारवंत गासेंदीच्या अणुवादाकडे वळला होता. दुरून ओढणाऱ्या गूढ शक्ती त्याला आता चालत नव्हत्या. आघात आणि स्पर्श एवढेच हवे होते. हे मतपरिवर्तन सरळ मनाचे होते असे मला वाटते, आणि छापलेले आपलेच शब्द मागे घेणारा माणूस या साऱ्या वादात दुर्मीळ आहे.

पण अणुवाद पत्करला म्हणजे मलम सुटलेच, असे नव्हते. सर केनेल्म डिग्बी या इंग्रज दरबारी माणसाने १६५८ मध्ये पॅरिसला एक पुस्तिका छापली. माँपेलिए इथल्या विद्वानांच्या सभेत दिलेले भाषण अशी तिची मांडणी आहे. यात मलमाऐवजी पूड आली, मुख्यतः उन्हात भाजलेल्या हिराकसाची. कवटी नाही, चरबी नाही, ममी नाही. किळस येण्याजोगे सगळे गाळलेले. पूर्वेकडे, इराण-हिंदुस्थान-चीनपर्यंत हिंडून आलेल्या एका कार्मेलाइट साधूकडून फ्लॉरेन्समध्ये ही विद्या मिळाल्याचे डिग्बी सांगतो. मग येते जेम्स हॉवेलची कथा. दोन मित्रांचे द्वंद्व सोडवताना लेखक हॉवेलचा हात कापला. शल्यविशारदांना हात सडण्याची भीती वाटू लागली. डिग्बीने त्याच्या जखमेला आधी बांधलेला रक्ताळलेला पट्टा मागवला आणि पूड मिसळलेल्या पाण्यात बुडवला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या हॉवेलला एकदम गार वाटले. जेवणानंतर डिग्बीने पट्टा काढून विस्तवापाशी वाळत ठेवला, तर हॉवेलचा नोकर धावत आला: धन्याचा हात निखाऱ्यात धरल्यासारखा जळतोय! पट्टा पुन्हा पाण्यात गेला, आग थांबली, पाच-सहा दिवसांत जखम भरली. राजा जेम्सने आणि बकिंगहॅमच्या ड्यूकने यात रस घेतला, असेही डिग्बी सांगतो.

या कथेच्या खरेपणाबद्दल अलीकडच्या संशोधकांना रास्त शंका आहेत. जेम्सच्या दरबारात एवढे घडले असते तर पस्तीस वर्षे त्याचा बभ्रा झाला नसता, हे पटण्यासारखे आहे. पण कथा म्हणून ती निर्दोष आहे. रोग्याला प्रयोगाची खबर नाही, पट्टा बाहेर काढल्यावर उलटा परिणाम, साक्षीला राजा. डिग्बीने प्रयोगाची सगळी लक्षणे कथेत बसवली. मागाहून त्याने सात तत्त्वांची साखळी रचली: प्रकाश वस्तूंतून सूक्ष्म कण उचलून नेतो, तापलेल्या जखमेकडे हवा ओढली जाते, त्या हवेबरोबर रक्ताचे आणि हिराकसाचे कण आपल्या जागी परततात. जादूचा शब्दही नाही. फ्लडचा विश्वप्राण जाऊन तिथे कण आले, आणि तेच मलम नव्या पोशाखात दरबारी मंडळींना रुचू लागले. पुस्तिकेच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

हाच डिग्बी पुढे रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या आरंभीच्या सभासदांत होता. १६६१ च्या जूनमध्ये सोसायटीत या उपचाराचा विषय निघाला, तेव्हा ज्यांच्याजवळ ती पूड असेल त्यांनी पुढच्या बैठकीला थोडी घेऊन यावी असे ठरले. अर्ध्या शतकाच्या शब्दयुद्धानंतर हा केवढा बदल! पूड टेबलावर आणा. १६६७ मध्ये टॉमस स्प्रॅटने सोसायटीचा इतिहास लिहिताना अलंकारिक भाषेवर हल्ला चढवला आणि सभासदांनी कारागिरांच्या, शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या साध्या बोलीत बोलावे असा आग्रह धरला. स्प्रॅटचे ते पुस्तक स्वतः अलंकारांनी लगडलेले आहे. पण डिग्बीचे उदाहरण समोर असताना मला त्याहून मोठी अडचण वेगळीच दिसते. साधी भाषाही फसवू शकते. डिग्बीने एकही अवघड शब्द वापरला नव्हता.

शब्दांच्या या फसवेपणातून बाहेर पडायची वाट मात्र त्याआधीच छापली गेली होती. हेल्मोंटच्या मरणानंतर त्याच्या मुलाने १६४८ मध्ये आम्स्टरडॅमला बापाचे लेखन एकत्र छापले. त्यात विद्यापीठाच्या वैद्यांना उद्देशून एक आव्हान आहे. ज्या माणसाने तलवारीच्या मलमासाठी आयुष्य पणाला लावले, त्याच्याच लेखणीतून ते यावे हे मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोठे आश्चर्य वाटते. रुग्णालयांतून, छावण्यांतून, हवे तिथून २०० किंवा ५०० गरीब माणसे घ्या, तापाने, छातीच्या दुखण्याने आजारी असलेली. त्यांचे दोन भाग करा. चिठ्ठ्या टाका; अर्धे माझ्या वाट्याला, अर्धे तुमच्या. मी त्यांना रक्त न काढता, जुलाब न देता बरे करीन. तुम्हाला ठाऊक आहे तसे तुम्ही करा. मग दोघांच्या वाट्याला किती प्रेतयात्रा आल्या ते मोजू. पैज दोन्ही बाजूंनी ३०० फ्लोरिनची.

इथे सैतान नाही, विश्वप्राण नाही, थोर कुळातला साक्षीदार नाही. रोग्यांची निवड वैद्याने करायची नाही, चिठ्ठीने करायची, ही कल्पना त्या काळात कुठून सुचली असेल! पुस्तके लिहून वाद जिंकता येत नाही हे इन्क्विझिशनच्या घरकैदेतल्या माणसाइतके कोणाला कळले असणार?

वैद्यांनी पैज घेतली नाही. इंग्लंडात हेल्मोंटच्या अनुयायांनी, रसायनी औषधे देणाऱ्या वैद्यांनी, ती पुन्हा पुढे केली. जॉर्ज स्टार्कीने १६५७ मध्ये आणि जॉर्ज टॉमसनने १६६५ मध्ये लंडनच्या फिजिशियन्सना तसेच आव्हान दिले. त्यालाही उत्तर आले नाही. १६६५ च्या उन्हाळ्यात लंडनला प्लेगने घेरले, कॉलेजचे बरेचसे फिजिशियन शहर सोडून गेले आणि हे रसायनी वैद्य मागे राहून रोग्यांच्या घरोघरी फिरले. टॉमसनने प्लेगने मेलेल्या एका मुलाचे शव उघडून पाहिले, स्वतः आजारी पडला आणि वाचून त्यावर पुस्तक लिहिले. स्टार्की त्याच साथीत गेला.